मलमवाल्याच्या बायकोचा पाय

मलमवाल्याची बायको आपला पाय मुद्दाम बरा होऊ देत नाही, अशी कुजबुज एके काळी त्या गल्लीत होती. दार लावून घेते, पट्टी सोडते आणि नखांनी जखम खरवडते म्हणे. का? तर नवरा सकाळ-संध्याकाळ पायाशी बसतो, ते सुख सुटू नये म्हणून! या बातमीचा उगम खुद्द मलमवाल्याची थोरली बहीण. बाई मनाची वाईट नव्हती; पण ऐकलेलं पोटात ठेवलं की तिला अपचन व्हायचं, आणि ऐकायला काही मिळालं नाही तर ती घरच्या घरी शिजवायची.

मलमवाला औषधांच्या एका लहानशा कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मलम घोटत होता. पांढरे, मेणचट पापुद्रे गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवायचे, तेल घालायचं, मग तितकंच गरम पाणी बारीक धारेने सोडत घट्ट होईपर्यंत ढवळत राहायचं. त्या पापुद्र्यांच्या पिंपावर ‘सीटोस्टिअरिल अल्कोहोल’ असं लिहिलेलं. नवा आलेला प्रत्येक कामगार ते वाचून पिंपात नाक घालायचाच.

“हुंग, हुंग,” मलमवाला म्हणायचा, “चढली तर मलाही सांग.”

चढतेय कसली! हे अल्कोहोल चरबीच्या कुळातलं, मेणासारखं. तेल आणि पाणी यांचा संसार टिकवायचा, एवढंच त्याचं काम.

बायकोच्या पायाच्या शिरा फुगल्या आणि घोट्याच्या वर रुपयाएवढी जखम झाली, तेव्हा मलमवाल्याला आपल्या हातातल्या विद्येचं चीज झाल्यासारखं वाटलं. तो ताजं मलम डबीत भरून आणायचा, पाय मांडीवर घ्यायचा आणि जखमेच्या कडेकडेने बोट फिरवायचा. जखम मात्र हट्टाला पेटलेली. भोवतीची कातडी लाल व्हायची, खाजायची, पाझरायची. जितकी लाल, तितका मलमाचा थर जाड. अशी सात वर्षं गेली. बायको आधी जिना उतरेनाशी झाली, मग उंबऱ्यापर्यंत जाईनाशी.

“अरे, तिची नखं बघ एकदा,” बहीण म्हणाली. “कुठलं मलम पुरं पडणार?”

तो हसला. पण ते वाक्य कुसळासारखं मनात रुतून बसलं. एका रविवारी तो नेलकटर घेऊन बायकोसमोर बसला. तिने त्याच्याकडे पाहिलं, सगळं समजली, आणि एकेक बोट पुढे करत गेली. दहाही नखं त्याने मुळापर्यंत कापली.

पुढे कारखान्याने त्याला नवं यंत्र शिकायला बारा दिवस परगावी धाडलं. लेक माहेरी राहायला आली. आईने तिला पाय नुसता कोमट पाण्याने धुऊन साधं व्हॅसलीन लावायला सांगितलं. मलमवाला परतला तेव्हा लाली ओसरली होती, जखमेच्या कडा आत सरकल्या होत्या.

“बघितलंस? उशिरा का होईना, माझ्या मलमाला गुण आलाच!” असं म्हणत त्याने तिथल्या तिथे डबी उघडली.

लेक काही बोलणार, तोच आईने तिचा हात दाबला. तिसऱ्या दिवशी पाय पुन्हा लालभडक. मग मात्र लेकीने कुणाचं ऐकलं नाही. आईला रिक्षात घालून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी मलमात काय काय असतं ते विचारलं. मलमवाल्याने पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. त्यातला एकेक पदार्थ चिकटपट्टीखाली घालून बाईंनी तिच्या पाठीवर लावला. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या, आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहिलं. सगळी पाठ स्वच्छ. एकच चौकोन सुजून लाल झालेला.

“हे बहुतेकांना काही करत नाही,” बाई म्हणाल्या, “पण जुन्या जखमेवर वर्षानुवर्षं लावलं की एखाद्याचं शरीर त्याच्याशी वैर धरतं. आता जन्मभर टाळायचं.”

घरी आल्यावर तो मोरीच्या कट्ट्यावर बसला. मग विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“शंका होती.”

“मग बोलली का नाहीस, अगं?”

“अहो, डबी उघडताना तुमचा चेहरा कसा व्हायचा, ते तुम्ही कधी पाहिलं नाहीत. आणि नखं कापलीत त्यानंतर… म्हटलं, आता काय सांगायचं!”

मलम थांबलं. लेकीने बाईंकडून शिकून घेतलं तसे घट्ट पट्टे बांधले, आणि चार महिन्यांत जखम मिटली. पण सात वर्षं न हललेला घोटा आखडला तो आखडलाच. जिना तिला पुन्हा उतरता आला नाही. मलमवाला कामावर जात राहिला, त्या पिंपाकडे बघायचं मात्र टाळायचा. पायाला हात लावण्याआधी तो कोपरापर्यंत साबणाने धूत असे, आणि तरीही लावत नसे.

तिने जखम एकदाही खरवडली नव्हती. नवऱ्याने केलेल्या मलमातलं ते अल्कोहोल तिला सोसत नव्हतं, आणि तो ते दिवसातून दोनदा लावत होता.