पानाला लावलेला चिमटा

त्यांना सगळे चिमटेमास्तर म्हणत. मास्तरांचा फोटो स्टुडिओ होता आणि त्यात गिऱ्हाइकांसाठी एकच कोट होता. कोट कुणा धिप्पाड माणसाच्या मापाचा, आणि फोटो काढायला येणारे बहुतेक काडीपैलवान. मग मास्तर गिऱ्हाइकाला कोट चढवायचे, पाठीवरचं जास्तीचं कापड गोळा करायचे आणि कपडे वाळत घालायचे चिमटे त्याला लावून टाकायचे. पुढून बघाल तर साहेब, मागून बघाल तर दोरीवरचं धुणं. पण अर्जावरच्या फोटोत पाठ बघतो कोण? समोरून नीट दिसलं की झालं, असं मास्तरांचं म्हणणं होतं आणि त्यावर त्यांचं दुकान छान चाललं होतं.

बायको पलीकडच्या टेबलाशी कॉम्प्युटरवर बसून लोकांच्या गालावरचे फोड पुसायची, टकलावर चार केस उगवून द्यायची. दोघं मिळून माणसाला इतकं देखणं करत, की सख्ख्या आईनंही ओळखू नये.

पन्नाशी उलटली आणि मास्तरांना जंगलाचं वेड लागलं. शहर संपतं तिथेच सदाहरित जंगल सुरू होत होतं. दाट, ओलं, भर दुपारीही दिवा लावावासा वाटेल असं. तिथे एकदा त्यांना खोडावर सालीसारखाच दिसणारा किडा दिसला. त्याच्यासमोर ते कितीतरी वेळ उभे राहिले आणि घरी येऊन म्हणाले, "अगं, इतकं शहाणं गिऱ्हाईक उभ्या जन्मात पाहिलं नाही. हललं नाही, बोललं नाही, डोळे मिटले नाहीत." तेव्हापासून दुकान उघडण्याआधी जंगलात एक फेरी ठरलेली. बुरशी, शेवाळ, नेचे, कोळी, फांद्यांवर वाढलेली ऑर्किडं, जे दिसेल ते मास्तर टिपत. बायको संध्याकाळी ते फोटो बघायची आणि एखाद्या सरड्यावर बोट ठेवून विचारायची, "यांच्या सुरकुत्या काढून देऊ का?"

जंगलाच्या फाटकावर एक वनरक्षक बाई होत्या. वयानं तरुण, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. "काका, हवं तेवढं बघा, हवे तेवढे फोटो काढा. हात कशाला लावायचा नाही." एवढीच त्यांची अट. मास्तर मान डोलवत आणि आजवर त्यांनी शब्द पाळलाही होता.

मग त्यांना ती अंडी दिसली. ओढ्याच्या डोहावर एक झाड झुकलं होतं आणि त्याच्या एका रुंद पानाखाली पारदर्शक, बुळबुळीत गोळा चिकटला होता. आत ठिपके. वनरक्षक बाईंनी सांगितलं, "झाडावरच्या बेडकाची अंडी आहेत. पिल्लं बाहेर आली की सरळ खाली पाण्यात पडतात. म्हणून तर बेडकीनं डोहावरचंच पान निवडलंय." मास्तर थक्क झाले. बाळंतपणाची एवढी चोख सोय त्यांनी माणसांतही कधी पाहिली नव्हती. मग ते रोज जाऊ लागले. ठिपक्यांना शेपट्या फुटल्या, डोळे आले, आणि मास्तर येता जाता बायकोला बातम्या पुरवू लागले. मुलीच्या वेळेला हे दवाखान्यात पेपर वाचत बसले होते, याची आठवण बायकोनं तेवढ्यात करून दिली.

बुधवारी आभाळ भरलेलं होतं आणि ते पान काळोखात होतं. मास्तरांनी वाकून पाहिलं, बसून पाहिलं, शेपट्या काही नीट दिसेनात. शेजारच्या दगडावर मात्र थोडा उजेड पडत होता. आता जन्मभराची सवय अशी सहज जात नाही. हात आपोआप खिशात गेला. मास्तरांनी पान अलगद दगडाच्या बाजूला ओढलं आणि चिमट्यानं पलीकडच्या फांदीला अडकवलं. फोटो असे आले, की एकेका पिल्लाचा डोळा मोजून घ्यावा. तेवढ्यात पाऊस कोसळला. मास्तरांनी कॅमेरा शर्टाखाली घेतला आणि धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक टॅक्सीवाला आला. त्याला नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता. मास्तरांनी त्याला कोट घातला, पाठीला दोन चिमटे लावले आणि तिसऱ्यासाठी खिसा चाचपला. तिसरा नव्हता. त्यांचा हात खिशातच राहिला.

"अहो, काय झालं?" बायकोनं विचारलं.

"पान," मास्तर म्हणाले. "पान तसंच राहिलं. खाली पाणी नाहीये गं, दगड आहे."

तिला सगळं सांगावं लागलं नाही. रात्रंदिवस त्याच बातम्या ऐकून तिला त्या पिल्लांचा जन्मही पाठ झाला होता. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. कुणाचं तरी बाळ आपण जिन्यावर ठेवून आलो, असं काहीतरी त्यांना झालं होतं. टॅक्सीवाल्याला त्यातलं निम्मंच कळलं, पण तो उठला. "काका, गाडी दारातच आहे. चला." बायकोनं शटर ओढलं आणि तीही मागे बसली.

फाटकापाशी मास्तरांनी काहीही लपवलं नाही. "मॅडम, मी पानाला हात लावला. चिमटा लावला." वनरक्षक बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की मास्तरांना ओरडा परवडला असता. "आधी चला," त्या म्हणाल्या. "ओरडते नंतर."

पान तसंच होतं, दगडावर. गोळा पावसानं फुगून सैल पडला होता आणि आत नुसती वळवळ चालली होती. दगडाच्या खोलगट भागात चमचाभर पाणी साठलं होतं आणि त्यात एकच पिल्लू तडफडत होतं. मास्तरांच्या बायकोनं खाली बसून ते पाण्यासकट ओंजळीत घेतलं, डोहात सोडलं, आणि ते शेपूट हलवत खोल गेलं. "जिवंत आहे हो!" ती ओरडली.

मास्तरांनी चिमटा काढला. पण पान जागेवर जाईना. देठ रात्रभर पिळून दुमडला होता, पान पुन्हा दगडावरच लोंबू लागलं. टॅक्सीवाला म्हणाला, "दोरी आहे गाडीत, बांधून टाकू."

"नको," मास्तर म्हणाले. "बांधाबांध खूप झाली." त्यांनी चपला काढल्या, मांडीभर पाण्यात उतरले आणि दोन्ही हातांनी ते पान डोहावर धरलं.

धरलं ते धरलंच. हात भरून आले, पाय गारठले, डास मानेवर जेवून गेले. बायको काठावरून म्हणाली, "लोकांना हलू नका म्हणून दटावता ना? आता कळलं?" पण तिनंच पाण्यात उतरून त्यांचा एक कोपर खालून धरला. पलीकडून टॅक्सीवाल्यानं दुसरा धरला, अंगात साहेबाचा कोट, पाठीवर दोन चिमटे. वनरक्षक बाई ओरडायचं ठरवून आल्या होत्या, त्यांना तोंड फिरवून हसावं लागलं.

मग पहिलं पडलं. टुप. मग दुसरं, मग एकदम पाच-सहा. गोळ्यातून एकेक शेपटी सुटत होती, क्षणभर लोंबत होती आणि पाण्यात जात होती. कॅमेरा गाडीत राहिला होता आणि मास्तरांना त्याची आठवणही झाली नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात रिकामे नसल्यानं ते पुसताही येत नव्हतं.

शेवटचं एक काही केल्या निघेना. वनरक्षक बाई म्हणाल्या, "काका, एखादं राहतं कधीकधी. सोडा आता."

"थांबू थोडं," मास्तर म्हणाले.

थांबले. तेही पडलं.

ओल्या कपड्यांनीच तिघं गाडीत बसून परत निघाले. मग बायकोनं हळूच विचारलं, "एवढी सगळी जगतील का हो?"

"नाही गं. बरीचशी मासे खातील."

"मग?"

"मग काही नाही. ते त्यांचं आणि माशांचं. माझ्या हातून तर गेली नाहीत."

"नाही गेली," ती म्हणाली. ती आणखी काही बोलणार होती, पण मास्तर तिच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड उघडं ठेवून, गाढ झोपले होते.