काळा गुलाब आणि हळदीकुंकू

गुलाबाच्या सेंटला मी आयुष्यभर नाक मुरडलं. लग्नात अंगावर शिंपडतात तसलाच तो गोडगोड, बावळट वास. पण अमेरिकेत, श्रूजबरीला डिपेंडंट व्हिसावर रिकामी बसले होते, तेव्हा इंटरनेटवरच्या सेंटवेड्या बायकांच्या एका फोरमचा नाद लागला. आम्ही एकमेकींना पोस्टाने इवल्याशा कुप्या पाठवायचो आणि लावून बघून परखड मत लिहायचो. माझ्या मताला तिथे जरा मान होता. खोटं मी कधीच लिहिलं नाही. वास आला तर आला म्हणायचं, नाही तर नाही. या एका गोष्टीचा मला फार तोरा होता.

त्या डिसेंबरात एक कुपी आली. गुलाबच, पण काळा. लावल्या लावल्या मिरी नाकात शिरली, मग लवंग, मग थोडा धूर, आणि तासाभराने बंद खोलीत सुकलेला गुलाब. मनगट धुतलं तरी दुसऱ्या दिवशी स्वेटरच्या बाहीला तो होताच. मी फोरमवर लिहिलं की सेंट सुंदर आहे, पण लावल्यावर घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटतं, एकटीने लावू नये. हे गमतीने लिहिलं होतं.

संक्रांत कुठल्याही वारी येवो, आमचं हळदीकुंकू शनिवारीच. त्या वर्षी ते माझ्या घरी होतं आणि ऐन वेळी अत्तराची बाटली सापडेना. बायका येऊन बसल्या होत्या, बाहेर बर्फ पडत होता. मी सरळ ती कुपी काढली आणि सगळ्यांच्या हाताच्या पाठीवर लावली. निम्म्याजणींनी तोंडं वाकडी केली. "अगं, हे अत्तर आहे की गरम मसाला?" एक म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

एक काकू मात्र हसल्या नाहीत. त्या या गावात फार पूर्वी आलेल्या एका डॉक्टरांच्या पत्नी. काकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. काकांना मी कधी पाहिलंही नव्हतं, आम्ही गावात आलो तेच ते गेल्यावर. काकूंनी कुंकू स्वतःच नको म्हटलं होतं, पण अत्तरासाठी हात पुढे केला होता. तो हात त्यांनी नाकाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला. तिळगूळ बशीत तसाच राहिला.

"हा यांचा वास आहे," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलमधून आले की गुलाबाचं अत्तर लावायचे आणि तोंडात लवंग. कुठून आणलंस गं तू हे?"

मला वाईट वाटलं आणि, खरं सांगते, थोडा अभिमानही वाटला.

मार्चमध्ये काकूंच्या मुलाचा कॅलिफोर्नियातून, फ्रीमाँटहून फोन आला. घर विकून काकू त्याच्याकडे राहायला जाणार होत्या, खोकीसुद्धा भरून झाली होती. आता त्या हलायलाच तयार नव्हत्या.

"आई म्हणते घरात बाबांचा वास येतो. ते तुमचं परफ्यूम आहे, राइट? प्लीज टेल हर. लास्ट मंथ ती ड्राइव्हवेमध्ये पडली, अर्धा तास बर्फात होती. शी कान्ट लिव्ह अलोन. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी कुपी कोटाच्या खिशात घालून मी गेले. पुन्हा हातावर लावायचं, काकू, हाच तो वास, असं सांगायचं आणि निघायचं, असा सरळ बेत होता. काकूंनी दार उघडलं आणि मी दोन पावलं आत जाऊन थबकले. मिरी, लवंग, गुलाब. खिशात हात घालून पाहिलं, कुपीचं झाकण घट्ट होतं. वास समोरून, घरातून येत होता. हाताला लावलेला थेंब दोन महिने टिकत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

तरी मी ठरवलेलं बोलले. "काकू, हे माझं सेंट आहे. त्या दिवशी तुमच्या शालीला लागलं असेल." आणि कुपी उघडून त्यांच्या हातावर लावलं.

त्यांनी सावकाश हुंगलं. "हे तुझं. चांगलं आहे. त्या दिवशी मी फसले, पण हे ते नव्हे." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं नाक तिखट आहे म्हणतात सगळ्या. तूच सांग. येतोय ना?"

नाही म्हणायचं होतं. एवढ्या एका शब्दावर त्या मुलाकडे सुखरूप गेल्या असत्या. पण मी सवयीने डोळे मिटले आणि श्वास घेतला. गुलाबाच्या खाली काहीतरी कडवट, थंड होतं. माझ्या कुपीत ते नव्हतं.

"स्पिरिट," मी बोलून गेले. "काकू, यात स्पिरिटचा वास आहे."

त्या हळूच खुर्चीत बसल्या. "कितीही हात धुतले तरी जायचा नाही तो. मी कुणाला सांगितलं नव्हतं गं हे." त्यांचा चेहरा एकदम तरुण दिसायला लागला. त्यांच्या मुलाला आता काय सांगायचं, ते मला सुचेना. मला भीती वाटत होती आणि स्वतःचा रागही येत होता.

माझ्या मागे दार उघडंच राहिलं होतं. गार वारा आत येत होता. काकूंचं तिकडे लक्ष गेलं.

"दार लाव आधी," त्या म्हणाल्या. "हे बाहेर जातील."

मी दार लावलं.