खांबेटे सर उठले!

खांबेटे सरांचे किस्से म्हणजे कंपनीतलं स्क्रॅप. रोज उचला, कोपऱ्यात ढीग असतोच. आम्ही तिघं भेटलो की पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, "ते आठवतं का, सर उठले तेव्हा?" की झालं सुरू!

सर आयुष्यभर फिल्म शिकवून रिटायर झाले. सांगवीहून स्कूटरवर यायचे आणि संत तुकाराम नगरात एका ट्यूशन क्लासच्या वरच्या खोलीत आम्हाला शिकवायचे. दर गुरुवारी सकाळी, कारण आमच्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी. मंगेश पेंट शॉपला, गजानन क्वालिटीला, मी असेंब्ली लाइनवर. दिग्दर्शक व्हायचं मात्र तिघांनाही!

सर आमच्या फिल्मला कधी वाईट म्हणाले नाहीत. खोटं वाटायला लागलं की खुर्चीवरून उठायचे आणि खाली टपरीवर चहाला जायचे. बस्स. शेवटपर्यंत ते कुणाच्याच फिल्मला बसले नव्हते. त्यामुळे आम्ही एकमेकांना एकच विचारायचो, "किती मिनिटं बसले?"

*

पहिला बळी मंगेश. त्याने मित्राचा ड्रोन आणून हायवेवरचा सूर्यास्त काढला होता. स्लो मोशन, वर व्हायोलिन. चाळीस सेकंदांत सर उठले.

"सर, अजून फिल्मचं नावपण नाही आलं!"

"म्हणूनच उठलो. नाव कळलं असतं तर लक्षात राहिलं असतं."

*

मग मंगेशने डोकं लढवलं. पुढच्या वेळी प्रोजेक्टर असा लावला की दाराकडे जायचं तर उजेडातूनच जावं लागेल. माणूस संकोचाने तरी बसेल!

सर तिसऱ्या मिनिटाला उठले, वाकले आणि चालायला लागले. पडद्यावर हिरोइन धाय मोकलून रडत होती, तिच्या तोंडावरून सरांची सावली गेली. दारातून सर म्हणाले, "मंगेश, ही सावली ठेव. अख्ख्या फिल्ममध्ये एवढंच आपोआप आलंय."

*

गजानन परभणीचा, रहाटणीत रूम घेऊन राहतो. तो म्हणाला, "येड्यांनो, सर चहासाठी उठायलेत. चहाच वर आणू की!"

त्याने स्वतःच्या फिल्मच्या दिवशी थर्मास भरून आणला. सरांनी कप घेतला, शांतपणे संपवला, कप ठेवला आणि उठले.

"सर, चहा तर इथंच आहे!"

"हो रे. पण फिल्मपण इथंच आहे ना!"

*

हा रोग आम्हालाही लागला. मंगेशच्या मावसभावाच्या साखरपुड्यात प्री-वेडिंगचा व्हिडिओ लावला होता. मंगेश भर हॉलमधून पहिल्या मिनिटाला उठला आणि बाहेर गेला. नवरदेव अजून त्याच्याशी बोलत नाही.

मंगेशचं म्हणणं, "मी मुद्दाम नाही उठलो राव. पाय आपोआप उठले!"

*

आता माझं. मी चाकणच्या पुढच्या गावातला. आमचे आप्पा तीस वर्षं कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर आहेत, रिटायरमेंटला थोडेच महिने उरलेत. त्यांच्यावर मी फिल्म केली. मागे माझा आवाज, त्यात घाम, लोखंड, माती असे मोठमोठे शब्द. दोन मिनिटांत सर उठले.

मला राहवलं नाही. जिन्यात गाठलं त्यांना. "सर, काय चुकलं ते तरी सांगा!"

एरवी ते हसून पुढे जायचे. त्या दिवशी थांबले. "दत्ता, तू वडिलांकडे बघतच नाहीयेस. आमच्याकडे बघतोयस, टाळ्या वाजवतोय का म्हणून."

असा राग आला म्हणून सांगू! महिनाभर डोक्यात तेच. लाइनवर नट आवळताना तेच, बसमध्ये तेच, जेवताना तेच. सुपरवायझर म्हणाला, "भावा, लक्ष कुठंय?" लक्ष कुठेच नव्हतं. पुन्हा एक फिल्म करायची आणि तरीही सर उठले तर कॅमेरा विकून टाकायचा, असं मी ठरवलं.

एका दुपारी आप्पा फर्स्ट शिफ्ट करून घरी आले. मी कॅमेरा ओसरीत स्टँडवर लावून ठेवला होता. आप्पांना वाटलं, चार्जिंगला लावलाय. ते पायरीवर टेकले. एक बूट काढला. दुसऱ्याची लेस सोडायला वाकले आणि तसेच बसून राहिले. आई आतून दोनदा जेवायला हाका मारते, आप्पा ओ देत नाहीत. हातात लेस, नजर कुठेच नाही. अकरा मिनिटं! मी त्यातलं काहीही कापलं नाही, वर एक शब्द बोललो नाही.

*

तो गुरुवार. या वेळी आप्पांनाही घेऊन गेलो, मागच्या खुर्चीवर बसवलं. "तुमच्यावरच हाय," फिल्मबद्दल एवढंच सांगितलं.

फिल्म सुरू झाली. पडद्याकडे कुणी बघतच नव्हतं, सगळे सरांच्या खुर्चीकडे. दोन मिनिटं झाली. चार झाली. आठव्या मिनिटाला सरांनी पाय हलवला, झालं, उठले! पण त्यांनी नुसता पाय लांब केला होता. अकरा मिनिटं संपली, पडदा काळा झाला, सर तिथेच. गजाननने मला उचललंच. "बसले! सर बसले!"

मी आनंदाने मागे वळलो. आप्पांची खुर्ची रिकामी होती.

धावत खाली आलो. आप्पा टपरीच्या बाकड्यावर चहाचा ग्लास धरून बसले होते. मला बघून म्हणाले, "दत्त्या, रोज असाच घरी येतो व्हय रं मी?"

तेवढ्यात जिना उतरून सर आले, त्यांनीही चहा सांगितला आणि आप्पांच्या शेजारी बसले.

आप्पांनी त्यांना विचारलं, "सर, पोरगं म्हनतं, तुमी कुनाचंच शेवटपत्तुर बगत न्हाई. आज कसं काय बसला?"

सर म्हणाले, "उठवेना हो मला."

आप्पांनी ग्लास खाली ठेवला. "मला बसवंना."