पैकीच्या पैकी

सुनंदाबाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने, निखिलने, मानपाड्याहून केला. "मावशी, आई गेली... झोपेतच." माझ्यासमोर तेव्हा एका मुलीची बुद्धिमापन चाचणी चालू होती. ती पुरी करूनच मी उठले. मध्येच सोडली असती तर बाईंनी झापलंच असतं.

ठाण्यात आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं शाळकरी मुलांच्या चाचण्या घेतल्या. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची पेटी उघडण्याआधी बाई प्रत्येक मुलाला विचारायच्या, "सकाळी काय खाल्लंस?" मी वैतागायचे, "बाई, याला मार्क कुठायत?" त्या नुसत्या हसायच्या. बुद्धी एकच की अनेक, यावर त्या कुणाशीही तावातावाने भांडत; पण त्यांचा खरा प्रश्न एकच, आपण मोजतोय ते नक्की काय? एकदा आंबिवलीच्या एका आईने कौतुकाने सांगितलं, घरी मुलीकडून सगळा सराव करून घेतलाय. बाईंनी पेटी मिटली. "मग हिच्यापुरती ही चाचणी बाद. आकडा येईल हो, पण तो पाठांतराचा." ती आई तणतणत गेली.

पुढे बाईच विसरायला लागल्या. गॅस चालू राहायचा, दार उघडं राहायचं. वर्तकनगरचं घर सोडायला मात्र तयार नाहीत, डॉक्टरकडेही येईनात. शेवटी निखिल म्हणाला, "आई, तुझीच चाचणी दे. चांगली आली तर राहा इथेच." ती मी घेतली. बाईंनी धडाधड उत्तरं दिली, ठोकळे तर मी नमुना दाखवायच्या आधीच जुळवले.

"बाई, पैकीच्या पैकी!" मी ओरडलेच. निखिलचा चेहरा उजळला.

"बाद कर, शुभा," बाई म्हणाल्या. "अगं, मला सगळं पाठ आहे. सकाळी काय खाल्लं ते विचार."

मी विचारलं. त्या खिडकीकडे बघत राहिल्या... निखिलने खाली मान घातली. सकाळी उपमा त्यानेच करून दिला होता.

"नाही आठवत," त्या म्हणाल्या. "हे धर." आणि घराची किल्ली काढून निखिलच्या हातात दिली. मला रडू आवरेना. बाई मात्र ठोकळे मोजून पेटीत ठेवत होत्या.

ती पेटी आता माझ्याकडे आहे. उघडण्याआधी हल्ली मीही विचारते. परवा एक मुलगी पटकन म्हणाली, "उपमा."

"बरोबर," मी म्हणाले. ती माझ्याकडे बघतच राहिली.