तीन गाठींचं पुस्तक

हाफिजाबाई मुल्लाणी म्हणजे काळजीचं गाठोडं. १९७३ साली गडमुडशिंगीच्या पुढच्या एका खेड्यात आम्ही दोघी शिक्षिका होतो. तिसरी माझ्याकडे, चौथी त्यांच्याकडे. कोल्हापुरातून एकाच एसटीनं जायचो. गाडी सुटली की बाईंचं सुरू, "अहो, मी कुलूप लावलं ना?" मला वैताग यायचा.

पण पुस्तकं द्यावीत तर त्यांनीच. शाळेतली सगळी गोष्टींची पुस्तकं त्यांनी सिमेंटच्या पिशवीच्या कागदानं एकसारखी मढवली होती. पाठीला दोरा बांधलेला. एक गाठ म्हणजे सोपं, तीन गाठी म्हणजे अवघड. हे फक्त आम्हा दोघींना ठाऊक. "थोराड पोरीला पहिलीचं पुस्तक दिलंय हे कळलं, तर ती लाजेनं वाचायचंच सोडील," असं त्या म्हणायच्या.

चौथीतली झुंबर, बनाबाईची लेक, तीन गाठींची. आमच्या भागात खणखणीत ओरडून वाचेल तो हुशार, आणि झुंबर वाचायला लागली की भिंतीपलीकडं माझ्या वर्गातली पोरं गप्प व्हायची. बाईंना तिचा भारी अभिमान.

साहेबांच्या तपासणीला दहा दिवस उरले होते. साहेब वाचून घेणार आणि त्यावर पास-नापास ठरणार. त्या दिवशी झुंबर जोरात वाचत होती आणि बाई सहज तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. पोरगी बारावं पान म्हणत होती आणि पुस्तक उघडं होतं नवव्या पानावर. विचारल्यावर कळलं, शेजारची मैत्रीण संध्याकाळी तिला गोष्ट वाचून दाखवायची. एकदा ऐकलं की झुंबरला पाठ. अक्षरं मात्र निम्मीही येत नव्हती.

बनाबाईनं आधीच सांगून ठेवलं होतं, "चौथी नापास झाली तर म्होरं न्हाय धाडायची. उसात भांगलायला न्हेनार."

त्याच दिवशी बाईंनी तिच्या हातात एका गाठीचं पुस्तक दिलं. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, दोघी पायरीवर. बाईंचा डबा तसाच परत जायचा. एसटीत त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "दहा दिवसांत होईल का हो?" मी "होईल की" म्हणायचे. होणार नाही, हे मलाही दिसत होतं.

साहेब आले. झुंबर उभी राहिली. कधी न पाहिलेलं पान. ती ओरडली नाही. शब्दाखाली बोट ठेवून, अडखळत, अगदी हळू वाचू लागली. दोन ओळी झाल्या आणि साहेब म्हणाले, "बस."

एरवी मुख्याध्यापकांच्या खाकरण्यानंही दचकणाऱ्या हाफिजाबाई पुढं झाल्या. "साहेब, परिच्छेद पुरा करू द्या तिला."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, पण थांबले. तिनं पुरा केला, एकही शब्द न गाळता. मग साहेबांनी 'नापास' लिहिलं. खरं सांगते, मला त्या माणसाचा संताप आला.

शाळा सुटल्यावर बाई मला घेऊन बनाबाईच्या दारात गेल्या. वाटेत म्हणाल्या, "काय सांगू हो मी?" मी म्हटलं, "साहेब कडक होते, असं सांगा." त्यांनी मान डोलावली. पण दारात गेल्यावर भलतंच बोलल्या.

"बनाबाई, चूक माझी आहे. वर्षभर मी तिचा आवाजच ऐकला. तिला वाचता येत नव्हतं, ते मला कळलं नाही. आणखी एक वर्ष द्या मला."

बनाबाई उसळली. "चुकला तुमी, आनि वरीस माज्या लेकीचं जायाचं व्हय?"

बाई दारातून हलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं सगळं.

मग बनाबाई म्हणाली, "साळंतलं कोन आजवर माज्या दारात चुकलो म्हनाय आलं न्हाय. धाडतो मी तिला. पर बाई, ह्या वक्ताला नीट ऐका."