गूळ चालतो

कोविडमधून मी वाचलो आणि गुळाने जाता जाता राहिलो. हे मी चारचौघांत म्हटलं की बायको डोळे वटारते, कारण तो गूळ तिच्या माहेरचा होता.

दुसऱ्या लाटेत मला ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. स्टेरॉइड दिली, त्यावर तगलो. खारघरला घरी परतलो तेव्हा चहाचा कप हातात धरवत नव्हता. निघताना डॉक्टर म्हणाले होते, "स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम थांबवू नका, आणि साखरेवर लक्ष ठेवा." मी मान हलवली. आमच्या खानदानात कुणाला शुगर नाही, हे मी तोवर छाती फुगवून सांगत असे. मग लक्ष कशाला ठेवायचं?

लक्ष ठेवायला सासूबाई आल्या. मी त्यांना मामी म्हणतो, कोल्हापूरकडे आमच्यात तशीच पद्धत आहे. लॉकडाऊनचा पास काढून, भावाच्या गाडीत बसून त्या आल्या. कपड्यांची एक पिशवी, बाकी सगळं खायचं. त्यांच्या भावाचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळे पिवळ्याधमक गुळाची अख्खी ढेप, काकवीची बरणी, शिवाय डिंक, खारीक, अळीव. दारातच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बया, काय अवस्था करून घेतलीसा ही! आता गप पडून ऱ्हावा. खायाचं माझ्याकडं लागलं."

साखरेबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते बायकोने त्यांना सांगितलं. मामींनी त्याच दिवशी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. "साखर म्हंजे विष. गूळ चालतोय." आणि आम्हा दोघांनाही ते पटलं! बायको एमबीए, आणि मी बेलापूरच्या ऑफिसात दिवसभर लोकांना शहाणपण शिकवणारा. झाले लाड सुरू. चहा गुळाचा. सकाळी डिंकाचा लाडू, दुपारी चपातीला काकवी, संध्याकाळी अळिवाची खीर. शेजाऱ्यांनी वाशीच्या एपीएमसी बाजारातून मोसंबीची पेटी आणून दारात ठेवली होती, तिचा रस मधे मधे. सासूच्या हातचा लाडू नको म्हणणारा जावई अजून जन्माला यायचाय. आणि खरं सांगू का, मला नको नव्हताच. इतके लाड माझे आईनेसुद्धा केले नव्हते.

मग तहान लागायला लागली. बाटलीमागून बाटली पाणी प्यायचो आणि तितक्याच फेऱ्या बाथरूमच्या. "उष्णता वाढलीया," मामी म्हणाल्या आणि कोकम सरबत केलं, गूळ घालून. वजन उतरायला लागलं, पँट कमरेवर राहीना. "अशक्तपणा हाय," म्हणून लाडू मोठे झाले. छातीत धडधडायचं, टीव्हीवरची अक्षरं पुसट दिसायची. त्या दिवसांत काहीही झालं तरी ते कोविडच्या माथी मारायची सोय होती, तसंच आम्हीही केलं.

एका सकाळी मला पलंगावरून उठताच येईना. ओकाऱ्या, धाप, आणि तोंडाला सडक्या फळासारखा वास. बायकोने हॉस्पिटलात नेलं. साखर इतकी चढली होती की मीटरला मोजता येत नव्हती, आणि तिच्यापायी हृदयाचे ठोकेही वेडेवाकडे पडत होते. छातीला वायरी, हाताला सलाईन, त्यातून इन्शुलिन. गेलो असतो, एवढंच सांगतो.

जरा सावरल्यावर मला वॉर्डात हलवलं. भेटायला एकालाच सोडत असत, तर त्या दिवशी मामी हट्टाने आल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरी खाण्यात काय होतं?" मी काही बोलायच्या आत मामी पुढे झाल्या. "साखरंचा कण न्हाई दिला बघा. समदं गुळातलं." आणि लाडवापासून खिरीपर्यंत एकेक पदार्थ त्यांनी अगदी अभिमानाने सांगितला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "आजी, रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर एकच हो."

मामी पदराचं टोक बोटाला गुंडाळत नुसत्या उभ्या राहिल्या. गावात भांडणाला उभी राहिली तर गल्ली रिकामी करणारी ही बाई, तिला असं पदराशी चाळा करताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

साखर मुळात चढली ती आजाराने आणि स्टेरॉइडने, खाण्याने त्यात भर घातली, हे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. घरी आल्यावर मीही दहादा सांगितलं. "उगं समजावू नगासा," मामी म्हणाल्या. "माझ्या हातानं घातलंया तुमास्नी." त्यानंतर त्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. चहासुद्धा मुलीला करायला सांगत. मी मुद्दाम म्हटलं, "मामी, झुणका-भाकरी करा की. डॉक्टरांची त्याला परवानगी आहे." तर म्हणाल्या, "करंल की ती." दोन दिवसांत उरलेली ढेप पिशवीत घालून गावी निघून गेल्या. मला असा संताप आला! मरता मरता मी वाचलो आणि रुसायचा मान यांचा? पण गाडी गेटबाहेर गेली तरी मी खिडकीतून हललो नाही.

लग्न झाल्यापासून मामींचा रोज संध्याकाळी फोन येई, आणि पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवलासा का?" मी कधी कधी वैतागायचोसुद्धा, रोज रोज काय तेच. आता फोन यायचा, पण प्रश्न बदलला. "किती आली?" साखरेचा आकडा सांगितला की "बरं" म्हणून ठेवून द्यायच्या. जेवणाचं नाव नाही. मीच आपला विषय काढायचो. दिवाळे गावच्या कोळणीकडून बायकोने ताजे बांगडे आणलेत, ज्वारीची भाकरी जमायला लागलीय, पडवळसुद्धा खातो हो आता. पलीकडून "बरं". खाण्याबद्दल आपल्याला काही विचारायचा हक्कच राहिला नाही, असं त्या बाईने मनाशी पक्कं केलं होतं.

मी चालत राहिलो, सुई टोचून घेत राहिलो. हळूहळू ठोके जागेवर आले, इन्शुलिन कमी कमी होत गेलं. आणि वर्ष उलटून गेल्यावर एकदा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई बंद करू, आता नुसतं पथ्य.

त्या संध्याकाळी फोन आला. "किती आली?" मी आकडा सांगितला. मग म्हटलं, "मामी, सुई बंद झाली. हृदयही ठणठणीत आहे म्हणाल्या डॉक्टरीणबाई."

मला वाटलं, आता "बरं" म्हणून ठेवतील.

पण त्यांनी विचारलं, "जेवलासा का?"

मी नुकतेच जेवून हात धुतले होते.

"नाही अजून," मी म्हटलं. "काय खाऊ, सांगा."