‘काहून’खालची लाल रेघ

आमचे बाबा कधी हळू बोलले नाहीत. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात टर्बाइनच्या शेजारी सगळी नोकरी केलेल्या माणसाला हळू बोलणं जमतच नाही. त्यांनी आईकडे मागितलेला चहा शेजारच्या क्वार्टरांतही ऐकू जायचा. आई वैतागायची, आतूनच तेवढ्याच मोठ्यानं सांगायची की साऱ्या कॉलनीनं ऐकलं, आता चहाही कॉलनीलाच मागा. त्यामुळे अर्धांगाचा झटका येऊन त्यांची वाचा गेली तेव्हा घर इतकं शांत झालं की मला त्या शांततेचाच राग यायला लागला.

रामदासपेठेतल्या दवाखान्यातून मी त्यांना आणि आईला मनीषनगरला माझ्याकडे आणलं. बाबांचा उजवा हात लुळा पडला होता, तोंड थोडं वाकडं झालं होतं, जीभ वळत नव्हती. समजत मात्र सगळं होतं. पेपर वाचायचे, बातमी आवडली नाही की कपाळाला आठ्या घालायचे. डाव्या हाताचं एक बोट बऱ्यापैकी चालत होतं. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, बोलणं कधी येईल ते सांगता येत नाही, टाइप करत असतील तर करू द्या.

सुरुवातीला आई त्यांच्याशी दिवसभर बोलायची. मग उत्तर येत नाही म्हटल्यावर ती प्रश्न विचारेनाशी झाली. नुसतं सांगायची. मग सांगणंही कमी झालं, आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की ती त्यांच्या पलंगाशी तासन्‌तास बसते आणि अवाक्षर काढत नाही. खरी धास्ती मला तेव्हा वाटली. एकाची वाचा आजारानं गेली होती, दुसरीची उगाच जाऊ घातली होती.

अशा वेळी लोक नवस बोलतात. मी प्रोग्रामर आहे, मी कोड लिहायला बसते. मी ज्या एडिटरमध्ये काम करते तो दिसायला अगदी साधा आहे, मजकूर टाइप करायची नुसती खिडकी. पण त्याच्या पोटात एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा आहे. तिच्यात चार ओळी लिहिल्या की एडिटर आपण सांगू तसा वागतो. मी अक्षरं मोठी केली, नको ती बटणं बंद केली आणि एका-एका अक्षराला एकेक वाक्य बांधून टाकलं. बाबांनी ‘प’ दाबून स्पेस दिली की पडद्यावर यायचं, ‘मला पाणी हवे आहे.’ ‘च’ दाबला की ‘मला चहा हवा आहे.’ पंखा, गोळी, संडास, सगळ्याची सोय केली. स्वतःवर मी भलतीच खूश होते.

आईनं पहिलं वाक्य वाचलं आणि तोंडाला पदर लावून हसली. लग्नाला आलेला पुण्याकडचा पाहुणा बोलतो तसं वाटतं म्हणाली. बाबा हसले नाहीत. दोन-तीन दिवस त्यांनी पाणी आणि चहा मागितला, तेही आजारी माणूस कडू औषध घेतो तसं. नंतर एका सकाळी बराच वेळ टकटक ऐकू आली, मी भाजी परतत होते म्हणून गेले नाही, आणि मग दाणकन आवाज झाला. जाऊन पाहते तर बाबांनी कीबोर्ड पालथा घातला होता आणि भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, झाला यांचा हट्ट सुरू. मी काही बोलणार, तेवढ्यात आईच म्हणाली:

“ते ‘मले’ लिहून राहिले वं, अन् तुहा कम्प्युटर ‘मला’ करून राहिला. सकाळपासून हेच चालू हाय.”

तो नियम माझाच होता, आणि तो बाबांसाठी नव्हताच. ऑफिसात मी ॲपचा मराठी मजकूरही पाहते. घाईत माझी बोटं ‘मले’, ‘तुले’, कधी ‘का’च्या जागी ‘काहून’ लिहून मोकळी होतात, आणि मग कुणीतरी सहकारी प्रेमानं हसरा चेहरा पाठवतो. शाळेत आमच्या बाई ‘मले’भोवती लाल गोल काढायच्या. असले गोल आणि चेहरे नकोत म्हणून मी एडिटरला केव्हाचं सांगून ठेवलं होतं: ‘मले’ दिसलं की ‘मला’ कर. तो इमानेइतबारे करत होता. एक माणूस एका बोटानं स्वतःला लिहू पाहत होता आणि यंत्र दर वेळी त्याला सुधारत होतं. माझा जीव कळवळला.

कळवळलेल्या जिवानं कोड लिहू नये. मी तिथल्या तिथे नियम उलटा केला: शब्दाच्या शेवटी ‘ला’ आला की ‘ले’ कर. मग आईला म्हटलं, सांग काहीतरी, करून पाहू. तिनं नुकत्याच आलेल्या फोनची बातमी दिली. मी टाइप केलं, ‘मामा अकोला स्टेशनवर गेला, मसाला विसरला.’ पडद्यावर उमटलं, ‘मामा अकोले स्टेशनवर गेले, मसाले विसरले.’

आईचं माहेर अकोल्याचं. तिनं चष्मा लावून वाक्य पुन्हा वाचलं. अकोले तर तिकडे नगरकडे आहे म्हणाली, माझं माहेर कुठं नेऊन टाकलंस? शिवाय सख्ख्या धाकट्या भावाला ‘गेले’ म्हणायचं तर उद्या तो डोक्यावर बसेल. मी बिघाड समजावून सांगायला लागले, पण तेवढ्यात पलंगावरून घोगरा, अडखळता आवाज आला. आम्ही दोघी दचकलो. बाबा हसत होते. वाकड्या तोंडानं, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दवाखान्यातून आल्यापासून त्यांचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला. आई आधी रागावली, मग तीही हसायला लागली, आणि मी ते वाक्य पुसलंच नाही.

त्यानंतर मी शहाण्यासारखी कामाला लागले. सरसकट नियम काढून टाकले आणि आईला शेजारी बसवून विचारलं, बाबा दिवसभर काय काय बोलायचे? ती लाजली. मग सांगायला लागली: चहा मांड वं. राहू दे ना आता. जेवली का तू? एकेक वाक्य ती त्यांच्याच चालीत म्हणायची, मी दोन अक्षरांना बांधायची, आणि बाबा मान हलवून पास-नापास करायचे. एका वाक्याला त्यांनी जोरजोरात नकाराची मान हलवली. आई म्हणाली, बोलतात हे, रोज बोलतात, आता लेकीपुढं लाजून राहिले. ते काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. पण तेही बांधलं.

एवढं करूनही आई दुपारची गप्प बसायची ती बसायचीच. चहा मांड म्हटलं की ती चहा मांडायची. त्याला उत्तर लागत नाही.

एका दुपारी कूलर घरघरत होता, मी टेबलाशी ऑफिसचं काम करत होते आणि आई पलंगाशी मेथी निवडत होती. बाबांनी कीबोर्ड जवळ ओढला. टकटक फार वेळ चालली. दोन अक्षरांत होईल असं ते काही नव्हतं, ते अक्षर-अक्षर लिहीत होते, चुकत होते, मागे येत होते. मी मुद्दाम वर पाहिलं नाही. थांबल्यावर पाहिलं. पडद्यावर होतं:

‘चूप काहून बसली वं’

आणि ‘काहून’च्या खाली लाल रेघ होती, ‘वं’च्या खालीही. बांधलेली वाक्यं सोडून हातानं टाइप केलेले शब्द तपासायची ती सोय बंद करायची मी साफ विसरले होते. बाबांनी ती रेघ पाहिली. त्यांचा चेहरा पडला आणि बोट हळूहळू खोडायच्या बटणाकडे निघालं.

आईनं मेथीचे हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. ही लाल रेघ कशाची, तिनं मला विचारलं. मी ओशाळून म्हटलं, कम्प्युटरला ते शब्द समजत नाहीत, थांब, काढून टाकते. पण ती माझ्यासाठी थांबली नाही. तिनं बाबांचं बोट बटणावरून उचललं आणि आपल्या मुठीत धरलं.

“त्याले नाही समजत त नसू दे,” ती त्यांना म्हणाली. “मले समजते.”

मग तिनं मेथी बाजूला सारली आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं त्यांना सांगायला घेतलं, खापरखेड्याला बोलायची तेवढ्या मोठ्या आवाजात.